अडॅप्टरकाका

परदेशी सहलीला निघालेल्या चाळीसएक मराठी माणसांत एक डॉक्टर निघतो, दोन निवृत्त मुख्याध्यापिका निघतात, ‘आम्ही मागच्या वर्षी दुसऱ्या कंपनीबरोबर गेलो होतो’ असं दर जेवणाला सांगणारं एक जोडपं निघतं आणि एक अडॅप्टरकाका निघतात. डॉक्टर नसला तर तापाच्या गोळीवर भागतं. मुख्याध्यापिका नसल्या तर बस दहा मिनिटं उशिरा सुटते, एवढंच. पण अडॅप्टरकाका नसले तर तिसऱ्या दिवशी निम्मे फोन बंद पडतात, आणि फोटो नाहीत म्हणजे सहल झाली याला पुरावाच उरत नाही.

काका इलेक्ट्रिकल इंजिनीयर असावेत असं कोणालाही वाटेल. नसतात. खरा इलेक्ट्रिकल इंजिनीयर खिशात एक अडॅप्टर टाकतो, तो पहिल्याच हॉटेलात विसरतो आणि पुढच्या गावी रिसेप्शनवर मागून घेतो. अडॅप्टरकाका बहुधा बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले असतात. ऐन तारुण्यात त्यांनी घरची इस्त्री स्वतः खोलून दुरुस्त केलेली असते आणि ती नंतर चाललेली असते. त्या यशाचा अंमल आयुष्यभर उतरत नाही. सोसायटीतला वायरमन त्यांच्या दारावरून जिना उतरताना पायांचा आवाज होऊ देत नाही.

त्यांची पहिली ओळख होते ती सहलीआधीच्या मीटिंगमध्ये. बटाटेवडा खाऊन झालेला असतो, टूर मॅनेजर पडद्यावर आल्प्स दाखवत असतो. बायका विचारतात, जेवण आपलं मिळेल ना? पुरुष विचारतात, युरो इथून न्यायचे की तिथे घ्यायचे? मग मागच्या रांगेतून एक हात वर जातो.

“भिंतीत सॉकेट कुठला?”

टूर मॅनेजर हसून सांगतो, “काका, एक युनिव्हर्सल अडॅप्टर घ्या, झालं.”

इथे तो फसतो. काका उभे राहतात आणि सगळ्या सभागृहाला समजावून देतात, की अडॅप्टर फक्त भोकं जुळवतो. व्होल्टेज जुळवतो तो कन्व्हर्टर. या दोघांत गल्लत करणाऱ्यांनी जगात फार धूर केलेला आहे. युरोपात आपल्यासारखेच २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तेव्हा तिकडे कन्व्हर्टर नेणारा मूर्ख. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, तेव्हा तिकडे कन्व्हर्टरशिवाय आपली किटली नेणारा महामूर्ख. आल्प्स पडद्यावर तसेच थांबलेले असतात. काकू वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवतात. त्या काही लिहीत नसतात. मान खाली ठेवायला त्यांना कारण लागतं.

खरेदीसाठी पुण्याचे काका बुधवारातल्या तपकीर गल्लीत जातात आणि मुंबईचे लोहार चाळीत. एअरपोर्टवरचे अडॅप्टर घेणारा माणूस त्यांच्या मते लग्नाच्या दिवशी सकाळी मुलगी बघायला निघालेला असतो. गल्लीतून काका जे आणतात, ते एका रेक्झिनच्या पाऊचमध्ये बसतं. बसतं म्हणजे काकूंनी वरून दाबल्यावर चेन लागते. चपट्या पिनांचे, गोल पिनांचे, ऑस्ट्रेलियाचे तिरप्या पिनांचे (ऑस्ट्रेलियाला जायचं ठरलेलं नाही, पण जग कोणी पाहिलंय), एक पाच सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड, काळी चिकटपट्टी, सुटे फ्यूज, भिंग आणि टेस्टर. टेस्टर चेक-इनच्या बॅगेत जातो, पॉवर बँक हातातल्या बॅगेत. हा नियम काकांना विमान कंपनीच्या माणसांपेक्षा चांगला पाठ असतो. शंभर वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक चालते आणि ‘वीस हजार एमएएच म्हणजे किती वॉट-अवर?’ असं ते रांगेतल्या अनोळखी तरुणांना विचारतात. उत्तर चौऱ्याहत्तर असतं. ते कोणालाही येत नाही, म्हणून काकांचा चेहरा खुलतो.

पाऊच मात्र क्ष-किरणाच्या यंत्रात अडकतं. पडद्यावर वायरींचं ते जंजाळ पाहून सुरक्षेचा जवान थबकतो. “ये किसका है?” इतर कोणी या प्रश्नाने गर्भगळीत होईल. काका लगबगीने पुढे येतात. ज्या प्रश्नाची घरातल्या माणसांकडून त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, तो शेवटी एका सशस्त्र माणसाने विचारलेला असतो. एकेक वस्तू बाहेर काढून ते तिचा देश सांगतात. मागची रांग शिव्या देते. जवान शेवटी, “ठीक है अंकल, जाइए,” असं म्हणतो, तर काका म्हणतात, “थांबा, स्विस राहिला.”

हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर माणसाचा स्वभाव कळतो. काकू आधी पडदा सरकवून बाहेर बघतात. काका दारातल्या खाचेत कार्ड घालतात, दिवे लागले की ते कार्ड काढून बघतात, दिवे गेले की समाधानाने मान हलवतात आणि खिशातून वाचनालयाचं जुनं सभासदकार्ड काढून त्या खाचेत कायमचं बसवतात. कारण माणसं कार्ड घेऊन जेवायला गेली की खोलीतली वीज जाते आणि चार्जिंग थांबतं. परत येऊन ‘फोनला काय झालं कोण जाणे’ म्हणणारे लोक त्यांनी पाहिलेले असतात. खरं तर वीज वाचावी म्हणूनच ती खाच केलेली असते, पण त्याबद्दल बोललं की काका खोलीच्या भाड्याचे रुपये करून दाखवतात. मग ते गुडघ्यावर बसतात आणि पलंगामागे जातात. बाहेर थेम्स वाहत असते. आतून आवाज येतो, “सापडला!”

लंडन हे काकांचं राज्य. तिथे त्यांच्यावाचून कोणाचं चालत नाही. इंग्रजांचा तीन चपट्या, जाड पिनांचा प्लग आपल्या कशाशीच जुळत नाही, आणि त्याच्या सॉकेटच्या भोकांवर आतून पडदे असतात; वरची लांब पिन आधी आत गेल्याशिवाय खालची दोन उघडत नाहीत. प्रत्येक प्लगच्या पोटात स्वतःचा फ्यूज. हे सांगताना काकांच्या आवाजात जो आदर येतो, तो बकिंगहॅम पॅलेस पाहताना आला नव्हता. त्यात इतिहासाची फोडणी पडते. हा प्लग ठरला १९४७ साली. “म्हणजे बघा,” काका बसमध्ये माइक मागून घेऊन सांगतात, “त्यांनी स्वातंत्र्य दिलं आपल्याला, नवा प्लग काढला स्वतःला, आणि जुन्या गोल पिना ठेवून गेले इथे. आपण त्या अजून वापरतोय.” याला कोणी काही उत्तर देऊ शकत नाही, कारण ते खरं आहे. आपल्या गिझरची जाडजूड पिन मूळची ब्रिटिश. ब्रिटनने ती घरातून काढून टाकली, आपण ठेवली, दक्षिण आफ्रिकेनेही ठेवली. जोहान्सबर्गला गेलेल्या मेव्हण्याला काकांनी गिझरचा प्लग बरोबर दिला होता आणि तो तिथल्या भिंतीत टक्कन बसला, ही गोष्ट ते आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात.

त्या राज्यात बंडखोरीही होते. आमच्या सहलीत नाशिकच्या एका मावशींनी दात घासायच्या ब्रशची दांडी वरच्या भोकात खुपसून पडदे उघडले आणि आपल्या चार्जरच्या दोन पिना खाली सरळ घुसवल्या. फोन चार्ज होऊ लागला. घरी त्या बॉलपेनने हेच करतात. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली. “अहो, धोका आहे!” ते म्हणाले. मावशी म्हणाल्या, “धोका कसला, पन्नास टक्के झालाय.”

रात्री काकांच्या खोलीत दरबार भरायचा. एका इंग्रजी अडॅप्टरवर त्यांनी तो पाच सॉकेटचा देशी बोर्ड लावला होता, आणि ही युक्ती मला खरोखर आवडली: भोकं एकदाच जुळवायची, पुढे सगळं आपलंच. लोक आपापले चार्जर घेऊन कॉटवर ओळीने बसत. काका प्रत्येक चार्जर हातात घेऊन त्याच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं भिंगाने, पत्रिका जुळवावी तितक्या गांभीर्याने वाचत. “इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ५० ऑब्लिक ६० हर्ट्झ. योग आहे. जगात कुठेही चालेल.” हे वाक्य फोन, लॅपटॉप, कॅमेरा अशा जवळजवळ प्रत्येक चार्जरवर असतं, त्यामुळे निकाल दर वेळी तोच लागे, तरी भिंग खाली ठेवेपर्यंत मालकाचा जीव टांगणीला असे. मग क्रम ठरे. “तुमचे चाळीस टक्के आहेत, तुम्हाला घाई नाही. देशपांडे, बारा टक्के, या पुढे.” ज्या माणसाला घरात रिमोट मिळत नव्हता, तो इथे रेशनिंग ऑफिसर झाला होता. ‘मागच्या वर्षी दुसऱ्या कंपनीबरोबर’ गेलेल्या जोडप्यातल्या नवऱ्याने एकदा आवाज चढवला, तेव्हा काकांनी काही न बोलता त्याचा चार्जर काढून बाजूला ठेवला. पुन्हा आवाज चढला नाही.

आणि मग पॅरिस आलं.

फ्रान्सच्या सॉकेटची काकांनी विशेष तयारी केली होती. त्यातून अर्थिंगची पिन बाहेर डोकावते. आपण पिन प्लगला देतो, फ्रेंच लोक ती भिंतीला देतात. काका पाऊच उघडून योग्य अडॅप्टर शोधत होते. तेवढ्यात ग्रुपमधली कॉलेजात जाणारी एक मुलगी आली, तिने आपला पुण्याचा चार्जर दोन बारीक गोल पिनांसकट त्या भिंतीत सरळ घातला, फोन लावला आणि म्हणाली, “काका, बसतोय की! काही लागतच नाही.”

खोलीत शांतता पसरली. मग एकेकाने करून पाहिलं. बसत होता. कारण आपल्या बहुतेक फोन चार्जरच्या त्या दोन पातळ पिना मुळातच युरोपी मापाच्या असतात. लॅपटॉपच्या तीन पिनांना तिथे अडॅप्टर लागतो, फोनला लागत नाही. काकांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ठाऊक असावं. पण काही सत्यं माणूस पाऊचच्या तळाशी ठेवतो. त्या रात्री दरबाराला फक्त देशपांडे आले, तेही जुन्या स्नेहापोटी. स्वित्झर्लंडमध्ये तर काकांचा भलाथोरला युनिव्हर्सल अडॅप्टर खोलगट षटकोनी सॉकेटच्या काठावरच अडला आणि त्याच खाचेत लोकांचे पातळ चार्जर सुर्रकन आत गेले. युंगफ्राऊच्या बर्फात सगळे एकमेकांवर गोळे फेकत असताना काका रेल्वेच्या खांबावरची पाटी वाचत उभे होते.

त्यांचं पुनर्वसन इटलीत झालं. फ्लॉरेन्सजवळचं हॉटेल जुनं होतं, जिने लाकडी, वायरिंगही बहुधा त्याच वयाचं. सात दिवस पास्ता खाल्लेल्या काकूंनी आपल्या बॅगेतला छोटा राइस कुकर बाहेर काढला. हॉटेलात स्वयंपाकाला बंदी असते हे सगळ्यांना माहीत असतं आणि प्रत्येक मराठी बॅगेत मूगडाळही असते. इकडे कुकर, शेजारच्या खोलीत किटली, समोरच्या खोलीत दोन हेअर ड्रायर. कुठेतरी खट् झालं आणि अख्खा मजला अंधारात गेला.

“लाईट गेली!” एकाच वेळी सगळ्या दारांतून आवाज आला आणि माणसं पॅसेजमध्ये जमा झाली. फोनचे टॉर्च लागले, गप्पा सुरू झाल्या, कोणीतरी चिवडा काढला. युरोपात पाऊल ठेवल्यापासून ग्रुप इतका मोकळा झालेला मी पाहिला नव्हता. फक्त हिंगाचा वास लपत नव्हता.

हॉटेलचा वायरमन आला. सत्तरीचा, निळा डगला, चेहऱ्यावर जगातल्या सर्व वायरमनांचा असतो तो त्रासिक भाव. त्याला इटालियनशिवाय काही येत नव्हतं. काकांना इटालियन सोडून पुष्कळ काही येत होतं, पण तिथे उपयोगाचं काही नाही. वायरमनने कुकरकडे बोट दाखवलं, मग कपाळाला हात लावला. काकांनी वही काढली. एक रेघ फेजची, एक न्यूट्रलची, आणि त्याखाली अर्थिंगची खूण: एक उभी रेघ, खाली तीन आडव्या, एकीपेक्षा एक आखूड. म्हाताऱ्याने वही हातात घेतली. त्याने तीच खूण शेजारी पुन्हा काढली, जरा जास्त सुबक. काकांनी ‘२३०’ लिहिलं इंग्रजी आकड्यांत. त्याने ‘५०’ लिहिलं. “चिंक्वान्ता,” तो म्हणाला. “पन्नास,” काका म्हणाले. दोघांनी हस्तांदोलन केलं.

पुढचा पाऊण तास काका त्याच्याबरोबर तळघरात मेन पॅनलपाशी होते. वर आले तेव्हा कोपरापर्यंत जाळी लागली होती आणि इतके आनंदी आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काकूंनी वायरमनला वाटीभर खिचडी दिली. त्याने ती उभ्या उभ्या संपवली, वाटी परत दिली आणि कुकरकडे बोट दाखवून ‘नो, नो’ केलं. दुसऱ्या दिवशी मायकेलअँजेलोच्या डेव्हिडसमोर गाइड संगमरवराबद्दल सांगत होती आणि काका देशपांड्यांना दबक्या आवाजात सांगत होते, “थ्री फेज आहे. पण लोड बॅलन्स केलेला नाही.”

अमेरिकेतले काका थोडे वेगळे. तिथे ते सहलीला जात नाहीत, नातवंडाच्या बारशाला जातात आणि सहा महिने राहतात. सुनेला वाटण नीट करता यावं म्हणून ते इथून मिक्सर नेतात, आणि मिक्सरला १२० चे २३० करून देणारा ट्रान्सफॉर्मरही नेतात. साडेसातशे वॉटच्या मोटरला पुरून उरेल असा ट्रान्सफॉर्मर म्हणजे दहा-बारा किलोचा लोखंडाचा ठोकळा. तेवीस किलोच्या बॅगेत अर्धा हिस्सा त्याचा. त्यापायी मेतकूट आणि लाडू घरी राहतात. न्यू जर्सीला पोचल्यावर सून ओट्यावरचं कपाट उघडून ११० व्होल्टवर चालणारा देशी मिक्सर दाखवते. असे मिक्सर खास तिकडच्यांसाठी बनतात आणि इथल्याच दुकानांत मिळतात. तो ठोकळा पुढे गॅरेजचं दार वाऱ्याने हलू नये म्हणून उपयोगी पडतो.

पण काका हरत नाहीत. आपली हजार वॉटची किटली ते साध्या अडॅप्टरवर लावतात आणि घड्याळ घेऊन समोर बसतात. व्होल्टेज निम्मं झालं की वॉट निम्मे होत नाहीत, चौथाई होतात; कारण तिथे व्होल्टेजचा वर्ग लागतो. हजार वॉटची किटली तिकडे पावणेतीनशेची होते. पुण्यात सहा मिनिटांत उकळणारं लिटरभर पाणी वीस मिनिटांनी कुठे सळसळू लागतं. मुलगा म्हणतो, “बाबा, मायक्रोवेव्ह आहे.” काका म्हणतात, “थांब, गणित बरोबर येतंय.” चहा मिळायला उशीर होतो, पण तो चहा सिद्धतेसह मिळतो.

तोच वर्ग उलटा फिरला की काय होतं, हे त्यांच्या अमेरिकेतल्या पुतणीने एकदा पुण्यात येऊन दाखवलं. तिने आपला तिकडचा दीड हजार वॉटचा हेअर ड्रायर आणला. काकांनी फोनवर दोनदा बजावलं होतं. तिने “अडॅप्टर आहे ना माझ्याकडे,” असं म्हणून बटण दाबलं. दीड हजारचा ड्रायर क्षणभर साडेपाच हजारांच्या घरात गेला, आतली तार लालबुंद झाली, एक ठिणगी, एक वास, आणि शांतता. सगळे पुतणीकडे धावले. काका ड्रायरकडे धावले. “बघा, अडॅप्टर!” ते म्हणाले. “कन्व्हर्टर नव्हे!” मुलीला काही झालं नाही, म्हणून सांगायला हरकत नाही, की त्या दिवशी काकांनी संध्याकाळी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

अलीकडे मात्र काकांना दिवस बरे नाहीत. नव्या हॉटेलांत पलंगाच्या उशाशीच यूएसबीचं भोक असतं. गुडघ्यावर बसायची सोय राहिली नाही. २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघात विकायच्या नव्या फोनला यूएसबी-सी सक्तीचं झालं आणि पोरं एकाच चिमुकल्या चार्जरवर फोन, लॅपटॉप, हेडफोन सगळं उरकू लागली. काकांनी आधी अफवांचा आधार घेतला: त्या भोकातून तुमचा डेटा ओढतात म्हणे. मग अभ्यास केला आणि धीर आला. युरोपीय संघानं फोनचं टोक एक केलं. भिंतीचं कुठे केलंय? आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने सगळ्या जगाला एकच प्लग असावा म्हणून १९८६ साली एक नमुना ठरवला. तो उचलला ब्राझीलने, तोही थोडा आपल्या मनाप्रमाणे बदलून, आणि मग दक्षिण आफ्रिकेने. बाकीचं जग आपापल्या भोकांशी एकनिष्ठ आहे. भिंती फोडून नव्या वायरी घालायला कोणता देश तयार होईल? काका हे सांगतात आणि पाऊचवरून हात फिरवतात. जगाचा हा आडमुठेपणा मलाही, खरं सांगायचं तर, थोडा आवडू लागला आहे.

यंदा त्यांनी जपान धरलं आहे. तिथली वीज १०० व्होल्टची, आणि देश एक असून हर्ट्झ दोन. १८९५ च्या सुमारास टोकियोने जनित्रं घेतली जर्मनीच्या एईजीकडून, ती ५० हर्ट्झची. ओसाकाने लगोलग घेतली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून, ती ६० ची. दोघांनीही पुढे माघार घेतली नाही, आणि आजही साधारण फुजी नदीच्या पूर्वेला पन्नास, पश्चिमेला साठ. चार्जरला याने काडीचा फरक पडत नाही, हे काका जाणतात. पण असा देश अस्तित्वात असताना आपण बालीला जाणार होतो, याचं त्यांना अजून नवल वाटतं.

बुकिंगला ते काकूंना घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने हॉटेलांची यादी पुढे केली. काकांनी भिंग काढून ती वरपासून खालपर्यंत वाचली.

“मॅडम, हे तिसऱ्या दिवसाचं हॉटेल फुजीच्या अलीकडे की पलीकडे?”

मुलीने स्क्रीनवर पाहिलं. “सर, फुजी दिसणारी रूम हवी असेल तर एक्स्ट्रा चार्ज आहे.”

“दिसायला कशाला हवा?” काका म्हणाले.

काकूंनी पर्स उघडून कार्ड पुढे केलं. “दिसणारीच द्या,” त्या म्हणाल्या. “आणि यांच्यासाठी पलंग भिंतीपासून जरा लांब ठेवायला सांगा.”